सव्वादोनशे फुटांत रुसायचं कुठे?

पोटमाळा (सोमवार, रात्री ११:४०)

आधीच सांगते, हा घटस्फोटाचा धागा नाही. नवरा चांगला आहे. घोरतो, पण चांगला आहे.

प्रभादेवीला जुन्या इमारतीत पागडीची (आगाऊ रक्कम देऊन जुन्या भाड्याने कायमची घेतलेली) खोली. त्याच खोलीच्या पोटात ओटा आणि मोरी, सगळं मिळून सव्वादोनशे फूट. संडास मजल्यावर, चार घरांत एक. लग्नाला सोळा वर्षं झाली, मुलगी सातवीत. २०२० पासून नवऱ्याचं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस आमच्या दिवाणावर भरतं.

परवा भांडण झालं. विषय सांगण्यासारखा नाही (पिंपाचं झाकण). मुद्दा असा की मला रुसायचं होतं. रीतसर, दार आपटून. आमच्याकडे आपटण्यासारखं दार एकच, बाहेरचं. ते आपटलं की समोरच्या काकू "काय गं, काय झालं?" म्हणत चहाचा कप घेऊनच येतात. शेवटी मोरीत गेले, कडी लावली आणि उलट्या बादलीवर बसले. वीस मिनिटांनी लेक बाहेरून म्हणाली, "आई, मला दात घासायचेत." नवरा म्हणाला, "थांब, आई चिडलीये." लेक म्हणाली, "अजून किती वेळ?"

छोट्या घरात वर्षानुवर्षं जोडीने राहणाऱ्यांनो, एकटं व्हायचं असेल तर तुम्ही कुठे जाता? "मोठं घर घ्या" असा सल्ला देणाऱ्यांनी सोबत चेक जोडावा.

सातरस्ता (सोमवार, रात्री ११:५२)

जिना. दुसरा आणि तिसरा मजला यांच्यामधला टप्पा. गेली अकरा वर्षं. तिथे आता माझ्या पाठीचा डाग पडलाय भिंतीवर.

अर्धाकटिंग (मंगळवार, सकाळी ८:१०)

चहाची टपरी. बायकोला माहीत आहे. टपरीवाल्यालाही माहीत आहे. तो विचारतो, "आज साखर कमी की जास्त?" त्यावरून त्याला भांडणाची तीव्रता कळते.

रंधा (मंगळवार, सकाळी ९:३५)

ताई, रुसण्याचं माहीत नाही, पण नवऱ्याला दिवाणावरून उठवायचा उपाय आहे. मी भिंतीला पाडायचं टेबल केलं. अडीच फूट बाय दीड. काम झालं की वर उचलायचं, कडी लावायची, मागच्या बाजूला आरसा. आमच्या घरात तेव्हापासून दिवाण हा दिवाण राहिला. प्लाय १९ मिलिमीटरचा घ्या, पातळ घेतलात तर वर्षभरात झोळी होते.

सातरस्ता (मंगळवार, सकाळी ९:४१)

बिजागरी कुठल्या लावल्या?

गिरगावकरीण (मंगळवार, दुपारी २:२०)

माझं लग्न १९७८चं. गिरगावात चाळीत दहा बाय बाराची खोली. माणसं सात: सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही दोघं. आता मुलींना सांगितलं तर हसतात. मग झोपायचे कुठे? दीर गॅलरीत. सासरे गॅलरीत, पावसाळ्यात जिन्याखाली. सासूबाई आणि नणंद ओट्याच्या पायथ्याशी. आणि आम्हाला माळा. माळ्यावर ताठ बसता येत नसे. शिडी करकरायची, म्हणून रात्री एकदा चढलं की पाणी प्यायलासुद्धा उतरायचं नाही.

तुम्ही रुसण्याचं विचारताय. आम्हाला बोलायलाच जागा नव्हती, रुसणार कशावर? नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं ते "जरा तो तांब्या द्या" एवढंच. बाकी सगळं चौपाटीवर. चौपाटीला आम्ही भेळ खायला जात नसू, हिशेब करायला जात असू. महिन्याच्या पगाराचा, नणंदेच्या लग्नाचा, पाळणा लांबवायचा की नाही त्याचा.

एक मात्र सांगते. दर गुरुवारी सासूबाई नणंदेला घेऊन कीर्तनाला जायच्या. सासरे मित्राकडे पत्ते खेळायला. दीरांना त्या बजावून जायच्या, "दहाच्या आत घरी दिसलात तर जेवण नाही." मला वाटायचं, कीर्तनाची भारी हौस. पंधरा वर्षांनी, त्या आजारी असताना, नणंद बोलता बोलता म्हणाली, "वहिनी, कीर्तन आठलाच संपायचं. आई मला घेऊन देवळाच्या पायरीवर बसायची. मला झोप यायची, तर म्हणायची, अजून थोडा वेळ, घरात गर्दी आहे."

घरात तेव्हा आम्ही दोघंच असायचो.

पोटमाळा (मंगळवार, दुपारी २:३१)

आजी _/\_

अर्धाकटिंग (मंगळवार, दुपारी २:५०)

वाचनखूण साठवली. ऑफिसात बसून डोळे पुसतोय, शेजारचा विचारतोय अप्रेझल झालं का.

रोखठोक_रजनी (मंगळवार, सायंकाळी ६:०५)

गिरगावकरीण आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. पण या धाग्याचा आता "आमच्या चाळीत किती माया होती" असा गोड शिरा होणार, हे दिसतंय, म्हणून आत्ताच काडी टाकते.

मी वरळीला बीडीडी चाळीत वाढले. १९२०च्या दशकात बांधलेल्या इमारती, खोली १६० चौरस फूट, संडास मजल्याच्या टोकाला. रात्री दोनला जायचं तर आईला उठवायचं, आईने टॉर्च घ्यायचा. आम्ही मुली संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसू. ही माया नव्हे. आणि चाळीत शेजारी सगळं ऐकू जायचं. आमच्या शेजारचा गृहस्थ बायकोला मारायचा तेही सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. सगळे रेडिओ मोठा करायचे.

आता तिथे टॉवर उभे राहतायत. ५०० फुटांची घरं, संडास घरात, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. माझी आई त्या दिवशी टीव्हीसमोर बसून एकच गोष्ट म्हणत होती, "दार आहे का बघ संडासाला, आतून कडी आहे का बघ."

धागाकर्तीला माझा प्रश्न वेगळाच आहे. ताई, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे?

पोटमाळा (मंगळवार, सायंकाळी ६:२२)

सासऱ्यांच्या. ते जाऊन सहा वर्षं झाली. नाव बदलायचं राहिलंय. का?

रोखठोक_रजनी (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

कारण रुसून कुठे जायचं हे जागेवर ठरत नाही, पावतीवर ठरतं. भांडणात "माझ्या घरातून नीघ" असं कोण कोणाला म्हणू शकतो? तुमचा नवरा म्हणणार नाही, मान्य. पण म्हणू शकतो, आणि तुम्ही नाही. माझ्या मावशीला एकोणीस वर्षांत तीनदा ऐकावं लागलं. आणि राहायची सव्वाशे फुटांत.

पायरीचाआंबा (मंगळवार, रात्री ८:१५)

वकिली करतो म्हणून तेवढंच स्पष्ट करतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार बाईला सामायिक घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे "नीघ" म्हणता येतं, पण नुसतं म्हणून काढता येत नाही.

आणि पागडीची पावती लवकर बदलून घ्या. भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जातं, पण इमारत पुनर्विकासाला गेली की मालक पहिल्यांदा कागद विचारतो आणि कायदा नंतर. रच्याकने (बाय द वे), नाव दोघांचं लावता येईल का, हे मालकाला लेखी विचारा.

चटईक्षेत्र (मंगळवार, रात्री ९:००)

सव्वादोनशे म्हणजे कारपेट की बिल्टअप?

सातरस्ता (मंगळवार, रात्री ९:०२)

आला.

चटईक्षेत्र (मंगळवार, रात्री ९:२०)

हसू नका. २०१६च्या रेरा (घरबांधणी नियमन) कायद्यापासून विक्री कारपेटवरच, म्हणजे आत वापरता येणाऱ्या जागेवरच करायची. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. माझ्या भावाने त्याआधी ६१० फुटांचा फ्लॅट घेतला. फीत घेऊन मोजला तर ३९०. उरलेले २२० फूट लिफ्ट, जिना आणि बिल्डरच्या मनात होते.

झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५ फूट देत, मग २६९ केले, आता ३००. म्हणजे ताई आज राहतात तेवढं घर हे एके काळी सरकारी हिशेबात एका कुटुंबाला "पुरेसं" होतं. नवरा, बायको, मुलं, देव, शिलाई मशीन, सगळं धरून. रुसण्याचं क्षेत्रफळ कुठल्याच नियमावलीत धरलेलं नाही.

दोनपांघरुणं (मंगळवार, रात्री १०:४५)

पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही दोघं सहा वर्षं एकत्र राहतो, गोरेगावला वन आरके, लग्न केलेलं नाही. (कृपया त्यावर धागा वळवू नका, त्यावर आमच्या घरमालकाचं पुरेसं बोलून झालंय. चार घरं बदलली. प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला आमचं "नातं" विचारायचं असतं. भाडं वेळेवर येतं की नाही, हे चौथ्या प्रश्नात.)

आमचा उपाय: दोन पांघरुणं. ऐकायला किरकोळ वाटेल. पहिली दोन वर्षं एकच मोठी रजई होती, कारण "कपल" म्हणजे एक रजई असं डोक्यात होतं. तो ओढायचा, मी ओढायचे, सकाळी दोघंही आखडलेले. दोन सिंगल चादरी घेतल्या आणि निम्मी भांडणं संपली. शिवाय रुसायचं असेल तर चादर डोक्यावरून घ्यायची. आमच्यात ठरलंय, चादर डोक्यावर असेल तर मी घरात नाही. त्याने फोन आला तरी "ती बाहेर गेलीये" असंच सांगायचं.

अर्धाकटिंग (मंगळवार, रात्री १०:५८)

आणि पंखा? पंख्याचं काय? मला पाचवर, हिला दोनवर.

सातरस्ता (मंगळवार, रात्री ११:०१)

आमच्याकडे रेग्युलेटर बिघडलाय. एकतर पाच नाहीतर बंद. संसार सुखाचा.

चटईक्षेत्र (मंगळवार, रात्री ११:१०)

एसीवाल्यांसाठी सरकारनेच तोडगा काढलाय. २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ वर सुरू होतात.

दोनपांघरुणं (मंगळवार, रात्री ११:१४)

त्यानंतर कोण उठून २७ करतं, हे सरकार बघत नाही.

डोंबिवली_फास्ट_नव्हे (बुधवार, सकाळी ७:५०, लोकलमधून)

सगळ्यांना माझा उलटा अनुभव. परळची दीडशे फुटांची खोली विकून डोंबिवलीला वन बीएचके घेतला. दोन दारं, वेगळं स्वयंपाकघर, बाल्कनीत तुळस. बायको पहिल्या दिवशी बेडरूमचं दार चार वेळा उघडून बंद करून बघत होती.

मी सकाळी सातला निघतो, रात्री नऊला येतो. तिची नोकरी ठाण्याला, ती पावणेनऊला येते. जेवतो आणि झोपतो. गेल्या वर्षभरात आमचं एकही धड भांडण झालेलं नाही. रुसायला खोली आहे, पण रुसायला लागणारा वेळ दादर ते डोंबिवलीत उभं राहून जातो. परळला असताना दुपारी जेवायला घरी यायचो मी.

परत जाणार नाही, हेही खरं. गुडघे दुखतात, चौथा मजला होता तो.

रोखठोक_रजनी (बुधवार, सकाळी १०:०५)

@डोंबिवली, हे प्रामाणिक आहे. शेवटची ओळ खास.

गाववाला (बुधवार, दुपारी १:३०)

माझ्या आईवडिलांचं लग्न छत्तीस वर्षांचं. त्यातली पहिली सतरा वर्षं त्यांना एकत्र घरच नव्हतं.

वडील लालबागला गिरणीत. राहायला गावकरी मंडळाची खोली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावाने मिळून मुंबईत एक खोली घ्यायची आणि गावचे पुरुष त्यात राहायचे. भिंतीला खुंट्या, प्रत्येकाची एक ट्रंक, मधे गणपतीच्या वर्गणीची पेटी. वीस-बावीस माणसं, पण एका वेळी खोलीत सात-आठ, कारण गिरणी तीन पाळ्यांत. रातपाळीवाला आला की पहिल्या पाळीवाल्याने वळकटी सोडायची. वडील म्हणायचे, अंथरूण कधी थंड मिळालं नाही. जेवण खानावळीत. आई कोकणात, शेती आणि आजी-आजोबा सांभाळत. भेट शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात. बाकी मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची. आईकडे ते सगळे तुकडे आहेत. "पैसे मिळाल्याचे कळव. बैलाला औषध दे." यापलीकडे एकातही काही नाही.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. वडील वर्षभराने गावी परतले, आणि आई सांगते की पहिले सहा महिने तिला फार अवघड गेलं. घर मोठं, पडवी, माजघर, अंगण, सगळं. पण हा माणूस दिवसभर घरात. चूल पेटवली की मागे येऊन उभा, "धूर किती करतेस." तिने शेवटी त्यांना सांगितलं, तुम्ही दुपारी देवळात जाऊन बसा. ते जायला लागले. मरेपर्यंत जात होते.

कोण कोणाला जागा देत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गिरगावकरीण (बुधवार, दुपारी ३:००)

बाळा, त्या मनीऑर्डरच्या पावत्या प्लास्टिकमध्ये ठेव. कसर लागते.

रंधा (बुधवार, दुपारी ३:४०)

थोडं मूळ मुद्द्याकडे. छोट्या घरात भिंत घालता येत नाही, पण उंची वापरता येते. जुन्या इमारतींत छत अकरा-बारा फूट असतं. ताईंचं टोपणनावच पोटमाळा आहे! माळ्यावरच्या जुन्या ट्रंका काढल्या तर एका माणसाला मांडी घालून बसण्याइतकी जागा होईल. मात्र आधी बघा, माळा लाकडी तुळयांवर असेल तर वाळवी तपासून घ्या. मालकाची परवानगीही लागेल.

सातरस्ता (बुधवार, दुपारी ३:४२)

बिजागरी?

पोटमाळा (शुक्रवार, रात्री १२:१५)

दोन दिवस फिरकले नाही, त्याचं कारण सांगते.

बुधवारी रात्री हा धागा नवऱ्याला वाचायला दिला. बादलीचा भाग वाचून हसला. आजींचा भाग वाचून गप्प झाला. पावतीचं वाचून म्हणाला, "सोमवारी अर्ज करू, दोघांच्या नावाचा." (रजनी, बघा. मी मागितलं नव्हतं.) मग मी विचारलं, तुला कोपरा हवाय का? तुला कुठे एकटं व्हायचं असतं?

तर म्हणाला, "मला कोपरा नको. मला कडेला झोपू दे."

मला कळेचना. सोळा वर्षं आम्ही झोपतो तसे: तो भिंतीला, लेक लहान असताना मधे, मी कडेला. कारण सकाळी साडेपाचला पाणी येतं आणि मी उठते. आता तो बेचाळीसचा आहे, रात्री दोनदा उठावं लागतं त्याला. माझ्यावरून पाय टाकून, मग खाली लेकीच्या गादीवरून, अंधारात. कधीकधी उठायचं टाळतो. सोळा वर्षांत बोलला नाही. का, तर "तुझी झोप मोडते."

बुधवारी रात्री जागा बदलली. पाणी आता तो भरतो, उठलेलाच असतो.

आणि काल पुन्हा आमचं वाजलं. (झाकणच. तेच झाकण.) मी सवयीने मोरीकडे निघाले, आणि मग आठवलं. जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. थंड भिंत, खाली थोडी ओल, डोळ्यांसमोर रंगाचे पोपडे. पलीकडे काकूंचा टीव्ही अगदी बारीक ऐकू येतो, बातम्या होत्या. मागे दिवा, लेक, नवरा, भांडी, सगळं होतं, पण दिसत काही नव्हतं. अर्धा तास कोणी बोललं नाही माझ्याशी.

इतकी वर्षं ही जागा या माणसाकडे होती आणि मी बादलीवर बसत होते!

दोनपांघरुणं (शुक्रवार, सकाळी ८:३०)

त्यात चादर डोक्यावरून घेतली की वन बीएचके.

रोखठोक_रजनी (शुक्रवार, सकाळी ९:१०)

अर्जाची पोच घ्या. शिक्क्यासकट.

अर्धाकटिंग (शुक्रवार, सकाळी ९:१८)

मी आज घरी विचारलं, तुला कडेला झोपायचंय का. हिने विचारलं, काय लपवतोयस?

गिरगावकरीण (शुक्रवार, सकाळी ११:००)

ओल आहे म्हणतेस, तर उशी भिंतीला टेकवू नकोस. मान धरते.

रंधा (शुक्रवार, दुपारी १:०५)

@सातरस्ता, माफ करा, राहून गेलं. साधी बिजागरी नको, फळीच्या पूर्ण लांबीची पियानो बिजागरी घ्या, नागदेवी स्ट्रीटला मिळते. खाली आधाराला दोन घडीचे ब्रॅकेट. स्क्रू दीड इंची. कुठे लावणार आहात?

सातरस्ता (शुक्रवार, दुपारी १:०७)

जिन्यात.